लाइव्हअबोर्ड डायव्हिंग: दोन ऑपरेटरमध्ये ठरत नाहीये, मदत करा

निळाई:
नमस्कार मंडळी. मी आणि माझी बहीण, दोघी अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर (डायव्हिंगचा दुसरा कोर्स) झालेल्या, लाल समुद्रात आठवडाभराची लाइव्हअबोर्ड (बोटीवरच राहायचं आणि रोज डायव्ह करायच्या) करायचं चाललंय, नोव्हेंबरच्या आसपास. बऱ्याच बोटी बघून बघून आता दोनच उरल्यात. एक मोठी, चकाचक, नवी बोट, वर जकुझी वगैरे, रूट ब्रदर्स-डेडेलस-एल्फिन्स्टन, म्हणजे भर समुद्रातले प्रवाळ खडक. मेलला उत्तर तासाभरात येतं पण काहीही विचारलं तरी "नो प्रॉब्लेम". दुसरी जुनी, केबिन लहान, फोटो पण धड नाहीत, उत्तरेकडचा रेकवाला (बुडालेल्या जहाजांचा) रूट, थिसलगॉर्म आणि अबू नुहास. यांचं उत्तर उशिरा येतं पण आलं की दोन पानी असतं आणि वर आम्हालाच उलटे प्रश्न, शेवटची डायव्ह कधी केली, करंटमध्ये केलीय का, एसएमबी (आपण कुठे आहोत ते बोटीला दाखवणारा फुगा) स्वतः सोडता येतो का. बहिणीला पहिली हवीये (शार्क!!). रिव्ह्यू दोन्हीकडे चांगलेच आहेत त्यामुळे त्यावरून काहीच कळेना. तुम्ही लोक नक्की काय बघून ठरवता?

खारा वारा:
बोटीचं नंतर बघू, आधी तुमच्या लॉगबुकात किती डायव्ह आहेत ते सांगा. ब्रदर्स, डेडेलस, एल्फिन्स्टन या रूटला किमान 50 लॉग्ड डायव्ह लागतात, तिथल्या मरीन पार्कचा नियम आहे तो, आणि उगाच नाहीये. ब्रदर्स म्हणजे भर समुद्रात वर आलेले दोन खडक, आजूबाजूला आडोसा कसलाच नाही, झोडियाकमधून (छोट्या रबरी बोटीतून) उडी टाकली की लगेच खाली जायचं, वर रेंगाळलात तर करंट कुठच्या कुठे नेतो. ओशनिक व्हाइटटिप शार्क दिसतात त्या सीझनला हे खरं, बहिणीचं चुकत नाहीये. पण ज्या ऑपरेटरने तुम्हाला डायव्हची संख्या न विचारता "नो प्रॉब्लेम" म्हटलं त्याने माझ्या लेखी स्वतःचं नाव स्वतःच खोडलं.
उत्तरेचा रूट काही कमी नाही बरं का. थिसलगॉर्म 1941 साली जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडालं, आत अजून ट्रक, मोटरसायकली जशाच्या तशा रचलेल्या आहेत, साधारण 30 मीटरवर तळ. अबू नुहासला तर रेकची रांगच आहे, त्यातलं कार्नॅटिक 1869 चं. करंट थिसलगॉर्मला पण असतो, पण तिथे बांधलेल्या दोरीला धरून खाली जाता येतं.

निळाई:
अरे बापरे, 50 चं माहीतच नव्हतं. आमच्या दोघींची पन्नाशी अजून व्हायचीय. त्यांना आत्ताच मेल टाकला.

पाणकोंबडी:
खारा वारा +१. पण मी रूटच्याही आधी वेगळीच गोष्ट बघते, रात्री जागं कोण असतं.
कॅलिफोर्नियात 2 सप्टेंबर 2019 ला कन्सेप्शन नावाच्या डायव्ह बोटीला पहाटे आग लागली, 34 जण गेले. खालच्या डेकवर सगळे झोपलेले, बाहेर पडायला वाटा दोन होत्या पण दोन्ही वर एकाच सलूनमध्ये (बोटीवरच्या बसायच्या खोलीत) निघत होत्या आणि आग तिथेच. चौकशीत मुख्य ठपका कशावर, तर रात्रीची गस्त नव्हती, सगळा क्रू झोपलेला. आणि बोटीचे कागद व्यवस्थित होते, तपासणी झालेली होती! त्यामुळे नुसतं "सर्टिफिकेट आहे का" विचारून भागत नाही. सरळ लिहा, रात्री गस्त कोण घालतं आणि किती वेळाने, खालच्या केबिनमधून दुसरी वाट कुठे निघते, ती आतून किल्लीशिवाय उघडते का, कॅमेरे-टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या आणि रात्रभर चार्जिंग चालतं का. चांगल्या ऑपरेटरला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट ते फोटो काढून पाठवतात.
आणि नवी बोट म्हणजे सुरक्षित हे डोक्यातून काढा. 25 नोव्हेंबर 2024 ला लाल समुद्रातच सी स्टोरी उलटली, ती 2022 ची बोट होती.
अवांतर: जकुझी बघितली की मला आधी बोटीच्या वरच्या मजल्यावर किती वजन चढवलंय हाच विचार येतो. 😀

भरती ओहोटी:
पाणकोंबडी ताईंनी लोकांना घाबरवायचा ठेका घेतलाय 😀 पण मुद्दे बरोबर आहेत. फक्त जुनी बोट म्हणजे भरवशाची असंही नाही हो, कन्सेप्शन तर 1981 ची होती. वय सोडा, देखभाल विचारा, बोट पाण्याबाहेर शेवटची कधी काढली होती ते विचारा.
आता कुणीच न बोललेली गोष्ट. निळाई, तुम्ही ज्याला मेल करताय तो बोटीचा मालक आहे का एजंट? बऱ्याचदा वेबसाइट एकाची, बोट दुसऱ्याची, गाईड तिसऱ्याने सीझनपुरते आणलेले. बुकिंग भरलं नाही की तुम्हाला गुपचूप दुसऱ्याच बोटीवर हलवतात आणि अटींमध्ये ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझ्या ओळखीतल्या एका ग्रुपला बंदरावर पोचल्यावर कळलं की बोट बदलली. तेव्हा बोटीचं नाव बुकिंगच्या कागदावर आलं पाहिजे, बोट बदलली तर पैसे परत मिळणार का हे पण लेखी घ्या.
रिव्ह्यूंचं म्हणाल तर पाच स्टारवाले वाचूच नका, जेवण छान क्रू छान एवढंच असतं त्यात. दोन-तीन स्टारवाले वाचा आणि त्याला ऑपरेटरने काय उत्तर दिलंय ते वाचा. एका गाईडमागे किती डायव्हर होते हे कुणी लिहिलं असेल तर ते सोनं समजा.

खारा वारा:
नायट्रॉक्सचं (टाकीत जास्त ऑक्सिजनवाली हवा) पण विचारून घ्या, फुकट आहे का वेगळे पैसे. रोज तीन-चार डायव्ह होतात तिथे त्याचा खरा उपयोग. 30 मीटरला साध्या हवेवर पाडीच्या (डायव्हिंग शिकवणारी संस्था) टेबलप्रमाणे 20 मिनिटं मिळतात, 32 टक्के ऑक्सिजनवाल्या नायट्रॉक्सवर 30. थिसलगॉर्मवर ती दहा मिनिटं फार मोठी वाटतात. कोर्स झाला नसेल तर जायच्या आधी करून टाका, बोटीवर अभ्यास करायचा कंटाळा येतो. आणि 32 टक्के घेऊन साधारण 33 मीटरच्या खाली जायचं नाही, हे बहिणीला आधीच सांगा, ती शार्कच्या मागे जाणारी दिसतेय.

निळाई:
अपडेट. चकाचकवाल्यांचं उत्तर आलं, "50 नसल्या तरी चालतील, लॉगबुकचं आम्ही बघून घेऊ". हे वाचून बहीणच गार पडली. गस्तीच्या प्रश्नाला परत "डोन्ट वरी".
जुन्यावाल्यांनी कालच उत्तर दिलं, रात्री दोघं आळीपाळीने जागे असतात, चार्जिंग फक्त बाहेरच्या डेकवरच्या टेबलवर आणि रात्री अकराला बंद. खालच्या केबिनच्या दुसऱ्या वाटेचा व्हिडिओ पाठवला, ती मागच्या डेकवर निघते. बोट त्यांचीच आहे. एका गाईडमागे सहा जण. शेवटच्या दिवशी दोन डायव्ह सकाळीच उरकतात म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान घेतलं तर चालेल का?

पाणकोंबडी:
पहाटेचं नको. सलग बरेच दिवस डायव्ह झाल्या की शेवटच्या डायव्हनंतर निदान 18 तास जाऊ द्यावेत असं डॅनचं (डायव्हरच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था) म्हणणं आहे, मी तर पूर्ण 24 ठेवते. डायव्ह सकाळी दहाला संपली तर पहाटे चारला कसेबसे 18 भरतात आणि डायव्ह नेहमी उशिराच संपते. दुपारचं विमान बघा. डायव्हिंग इन्शुरन्स पण जायच्या आधीच काढा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत चेंबरचा (डायव्हिंगमुळे होणाऱ्या आजारावरच्या उपचाराचा) खर्च बहुतेक वेळा धरलेला नसतो.

निळाई:
दुपारचंच बघते मग. बहीण म्हणतेय पन्नाशी झाली की ब्रदर्स, तोवर मोटरसायकली चालतील. दोघींचा नायट्रॉक्सचा कोर्स लावतेय.