आधी वाटतं, मग कळतं?

'आधी विचार येतो, त्यातून भावना उपजते' ही नेहमीची समजूत मला अपुरी वाटते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी नेमका याच समजुतीला धक्का दिला. जन्म १९२३, पोलंड. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात आईवडील गेले. १९५५ साली मिशिगन विद्यापीठाची पीएचडी आणि मग जवळजवळ चार दशकं तिथेच संशोधन.

एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी आवडू लागते, हे त्यांनी १९६८ मध्ये मांडलं. पण मला खरा कळस वाटतो तो १९८० चा प्रयोग. लोकांना वेडेवाकडे अष्टकोन सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते दाखवले. नंतर त्यांच्या जोडीला नवे अष्टकोन ठेवून विचारलं, 'यातला आधी कोणता पाहिला?' याची उत्तरं निव्वळ अंदाजपंचे आली. 'कोणता जास्त आवडतो?' विचारल्यावर मात्र लोक आधी दाखवलेलाच अधिक वेळा निवडत. ओळख पटलेली नसताना पसंती ठरली होती!

दुसरे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांना हे पटलं नाही. परिस्थितीचा अर्थ मन नकळत, क्षणार्धातही लावतं आणि त्याशिवाय भावना नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा कल झायन्स यांच्याकडे आहे, तरी पसंती म्हणजे अख्खी भावना नव्हे. अपराधीपणा किंवा कृतज्ञता काहीच न समजता कशी वाटेल? तिथे मला लाझारसच बरोबर वाटतात.