बी.ए.ला तुम्ही नेमकं काय शिकलात?

कोयनाकाठ

भाचीने यंदा एफ.वाय.बी.ए.ला प्रवेश घेतला. विषय निवडायचा फॉर्म घेऊन ती माझ्याकडे आली, कारण घरात बी.ए. झालेली मी एकटीच. फॉर्म बघून माझीच बोबडी वळली. मेजर, मायनर, ओ.ई., व्ही.एस.सी., एस.ई.सी., ए.ई.सी., व्ही.ई.सी., आय.के.एस., सी.सी. आमच्या वेळी पुणे विद्यापीठात सगळा मामला दोन अक्षरांत उरकायचा. जी म्हणजे जनरल, एस म्हणजे स्पेशल. पहिल्या वर्षी सगळे जी-वन, दुसऱ्या वर्षी जी-टूच्या जोडीला एस-वन, एस-टू, तिसऱ्या वर्षी जी-थ्री, एस-थ्री, एस-फोर. शिवाय कंपल्सरी इंग्लिश. संपलं.

म्हणून हा धागा. बी.ए. करून काय दिवे लावले, नोकरी लागली का, हा वाद इथे नको. तो लग्नकार्यांत पुरेसा होतो. मला अभ्यासक्रमाबद्दल ऐकायचंय. कोणते विषय घेतलेत, का घेतलेत, कोणता पेपर डोक्यात राहिला, कोणता डोक्यावरून गेला. विद्यापीठ आणि साधारण काळ लिहा. कुणाच्या नावाने बोटं मोडायची असतील तर नाव न घेता मोडा.

आधी माझं सांगते. भूगोल स्पेशल, नव्वदीचं दशक. भूगोल घेतला कारण त्याला प्रॅक्टिकल असतं आणि प्रॅक्टिकलचे मार्क हातचे, असं सीनियर सांगायचे. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट टेबलावर पसरायची. प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २०-२० मीटर उंचीच्या फरकाने. त्यांच्यावर कागदाची पट्टी आडवी धरायची, जिथे जिथे रेषा पट्टीला लागेल तिथे टोकदार पेन्सिलीने खूण आणि खुणेवर उंची. मग तीच पट्टी आलेखाच्या कागदाखाली ठेवून डोंगराचा छेद उभा करायचा. रेषा दाटीवाटीने आल्या की कडा, ऐसपैस पसरल्या की पठार. पुढे पाणलोटाच्या कामात शिरले तेव्हा साइटवरच्या इंजिनिअरांच्या आधी मला ओढा कुठे वळतो ते कागदावर दिसायचं. बाकी मानवी भूगोलाच्या पेपरातलं काय लक्षात आहे विचाराल तर वस्त्यांचे प्रकार, आणि तेसुद्धा आकृत्या होत्या म्हणून.

गोदाघाट

आमचं कॉलेज नाशिक जिल्ह्यातलं, पण विद्यापीठ पुणेच. विषय निवडायची भानगड माझ्या वाट्याला आलीच नाही, टाइमटेबलने निवडून दिले. मला राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र हवं होतं. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्राचे तास एकमेकांवर यायचे. क्लार्क म्हणाले, ‘तर्कशास्त्र घे, वर्ग रिकामाच आहे.’ घेतलं. वर्गात मोजकी टाळकी. सर मात्र भरल्या सभागृहासारखे शिकवायचे.

‘पाऊस पडला तर मी छत्री नेईन.’ फळ्यावर हे वाक्य आणि खाली सत्यता सारणी, म्हणजे विधान कधी खरं, कधी खोटं याचा तक्ता. हे विधान खोटं कधी? पाऊस पडला आणि छत्री नेली नाही, फक्त तेव्हा. पाऊस पडलाच नाही आणि तरी छत्री नेली, तर विधान खरंच राहतं. यावर आम्ही अख्खा तास भांडलो. ‘असं कसं सर, पाऊस नसताना छत्री नेणारा माणूस येडाच की!’ सर म्हणाले, येडा असेल, खोटारडा नाही.

आज सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. प्रोग्रॅमिंग पुण्याला क्लास लावून शिकलो, पण कुठल्या अटीत कोणती शक्यता तपासायची राहिली हे हेरायची सवय त्या रिकाम्या वर्गातली. दुसऱ्या वर्षी तर्कशास्त्र सोडावं लागलं. स्पेशलला आमच्याकडे तो विषयच नव्हता.

लोकलपास

मुंबई विद्यापीठ, सेमिस्टर पद्धत आल्यानंतरची बॅच. आमच्याकडे गणित वेगळं. पहिल्या वर्षी तीन ऐच्छिक विषय, त्यातले दोन दुसऱ्या वर्षी, आणि तिसऱ्या वर्षी एकाच विषयाचे सहा पेपर किंवा दोन विषयांचे तीन-तीन. मी समाजशास्त्राचे सहा घेतले. खरं तर ‘थ्री अँड थ्री’ करायचं होतं, पण सगळे म्हणाले एम.ए.ला प्रवेश घेताना अडचण येते. येते की नाही, ते कुणी तपासलं असेल असं वाटत नाही.

सगळ्यांनी ज्याची टर उडवली तो विषय म्हणजे फाउंडेशन कोर्स, एफ.सी. प्रोजेक्ट म्हणजे कव्हरपेज, इंडेक्स आणि मधे इंटरनेटवरून काढलेली पानं. त्यातच एक भाग नागरिकांच्या हक्कांचा होता, ग्राहक संरक्षण, माहितीचा अधिकार, जनहित याचिका. सोसायटीच्या कागदपत्रांसाठी पालिकेकडे अर्ज करायची वेळ आली तेव्हा कमिटीतले सगळे वकील शोधत बसले. मी साध्या कागदावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला, ३० दिवसांची मुदत डायरीत लिहून ठेवली. सहा पेपरांतला एकही असा थेट कामी आलेला नाही. अर्थात समाजशास्त्र शिकल्यावर आपल्याच नातेवाइकांकडे बघायची नजर बदलते. त्याचा उपयोग म्हणायचा की उपद्रव, माहीत नाही.

दुपारची ताई

मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची. माझी दहावी झाली न लगेच लग्न झालं. मुलगा पाचवीत गेल्यावर पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसले. तुम्ही लोक वर्ग, सर, फळा म्हणताय. आमचा वर्ग म्हणजे रविवारचं अभ्यासकेंद्र, तेही जमलं तर. बाकी सगळं पुस्तकावर.

पण ती पुस्तकं लई चांगली होती हो. एकट्या माणसाला समजावीत अशी लिहिलेली. घटकाच्या सुरुवातीला हे शिकल्यावर तुम्हाला काय काय येईल ते लिहिलेलं, मधे मधे थांबवून प्रश्न, आणि उत्तरं मागच्या पानावर. मी दुपारची भांडी झाली की बसायचे. लोकप्रशासन नावाचा विषय होता. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामसेवकाचं काम काय, गटविकास अधिकाऱ्याचं काय. ग्रामसभेत पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्या पुस्तकाच्या जोरावर. सरपंचाला विचारलं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा. सगळे माझ्या सासऱ्यांकडं बघाया लागले.

इंग्रजीचा पेपर मात्र फार छळला. त्यावर काही लिहीत नाही.

रंकाळा

ताई, इतिवृत्त शेवटी वाचलं का? तेवढं सांगा.

दुपारची ताई

त्या सभेत नाही. पुढच्या सभेत वाचलं.

तासिकामास्तर

कोयनाकाठ, तुमच्या भाचीच्या फॉर्मपुरतं सांगतो. मी एका ग्रामीण कॉलेजात इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. नावावरून कळलंच असेल.

राज्याने नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने ठरवला. स्वायत्त कॉलेजांत तो आधी आला, आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांत १२० ते १३२, चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर १६० ते १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. मेजर म्हणजे तुमचा स्पेशल. मायनर म्हणजे जोडविषय. ओ.ई. म्हणजे खुला ऐच्छिक विषय, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा. व्ही.एस.सी. आणि एस.ई.सी. कौशल्याचे. ए.ई.सी. भाषा, व्ही.ई.सी. पर्यावरण, संविधान वगैरे, आय.के.एस. भारतीय ज्ञान प्रणाली. सी.सी. म्हणजे एन.एस.एस., खेळ, योग. तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, ४ क्रेडिटचं.

कागदावर हे उत्तम आहे. इतिहासवाल्याने थोडं अर्थनियोजन शिकावं, कॉमर्सवाल्याने थोडा इतिहास. पण ज्या कॉलेजात कलाशाखा सोडून दुसरी शाखाच नाही, तिथे दुसऱ्या शाखेचा ओ.ई. कोण शिकवणार? उत्तर, जो मोकळा असेल तो. मी ‘वैयक्तिक अर्थनियोजन’ शिकवलंय. ज्याचा स्वतःचा पगार सत्र संपल्यावर कधीतरी येतो, त्याने मुलांना महिन्याचं बजेट आखायला शिकवायचं. मुलं हसली नाहीत, सभ्य आहेत.

एक गोष्ट मात्र या आराखड्यामुळे चांगली झाली. क्षेत्र प्रकल्प. पूर्वी आमच्या पोरांनी इतिहास म्हणजे उत्तरपत्रिका एवढाच पाहिला होता. मी त्यांना गावातल्या वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, नोंद करायला पाठवलं. मारुतीच्या देवळामागे, विहिरीच्या काठाला, एक तर धुण्याचा दगड म्हणून वापरात. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. पोरांनी उंची मोजली, फोटो काढले, आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारून त्याला गावात काय म्हणतात ते लिहून आणलं. एका पोरीने धुण्याचा दगड उलटा करून घ्यायला तिच्या काकांना भाग पाडलं. २ क्रेडिटचं काम, पण मेजरच्या पेपरात मला जे जमत नाही ते तिथे झालं.

सांगलीकर

मी उलट्या टोकाचा. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात ‘लिबरल आर्ट्स’ केलं. तिथे पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखं, विषय नंतर ठरवायचा. माझ्या पहिल्या सत्रात संख्याशास्त्र, लेखन, पर्यावरण आणि चक्क नृत्य. नृत्याला श्रेयांक आहेत हे घरी सांगितलंच नाही.

अभ्यासक्रम खरोखर चांगला होता. पाठांतर शून्य. तासाला यायच्या आधी ४०-५० पानं वाचून यायची आणि वर्गात बोलायचं. बोलण्याला मार्क. इथेच गोची. मी मराठी माध्यमाचा. वाचलेलं असायचं, मत असायचं, पण इंग्रजीत वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली. ‘वर्गातील सहभाग’ या रकान्यात मी दोन सत्रं मार खाल्ला. कुणी वाईट वागलं असं नाही, पण अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी गप्प बसणारा मुलगा वाचून आलेला असू शकतो हे धरलेलंच नव्हतं. शेवटी एका मॅडमनी वर्गाआधी अर्धं पान लिहून द्यायची मुभा दिली, तेव्हा गाडी रुळावर आली.

फीबद्दल बोलत नाही. वडिलांनी बागेचा तुकडा विकला एवढं पुरे.

एडिसनकर

लेक न्यूयॉर्कला कोलंबियाला होती, त्यामुळे ‘लिबरल आर्ट्स’ आम्ही पालक म्हणून भोगलं. मी स्वतः व्ही.जे.टी.आय.चा इंजिनिअर, मला वाटायचं पोरगी पहिल्या दिवसापासून इकॉनॉमिक्स शिकेल. कसलं काय. तिथे कोअर करिक्युलम आहे, मेजर कुठलाही असो, सगळ्यांना सक्तीचा. त्यातला समकालीन संस्कृतीवरचा अभ्यासक्रम पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली सुरू झाला, पाश्चात्त्य साहित्याचा १९३७ साली. वीसबावीस मुलं एका टेबलाभोवती आणि होमरपासून सुरुवात. पुढे चित्रकला, संगीत, विज्ञान.

पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा जेवताना प्लेटोवरून माझ्याशी वाद घातला. मी प्लेटो वाचलेला नव्हता, पण हरलो नाही.

आणि हो, पदवीसाठी पोहण्याची परीक्षा. तलावाच्या तीन लांब्या. कुठलाही स्ट्रोक, वेळेचं बंधन नाही.

रंकाळा

पोहण्याला मार्क असते तर कोल्हापुरात एकही पोरगं बी.ए. नापास झालं नसतं.

मांडवीतीर

गोवा विद्यापीठ. मराठी मेजर, जोडीला पोर्तुगीजचा पेपर. मैत्रिणी म्हणाल्या, ही म्हाताऱ्यांची भाषा घेऊन काय करशील? आमच्या आजोबांच्या कपाटातले कागद मला वाचायचे होते, बस.

आता म्हापशाला एका वकिलांकडे काम करते. गोव्यात १९६१च्या आधीचे जमिनीचे दस्त पोर्तुगीजमध्ये, आणि आजचं खरेदीखतसुद्धा जुन्या नोंदणीचे आणि माट्रीजचे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या करनोंदवहीचे, आकडे दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. जमिनीची चतुःसीमा वाचायची तर उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, ओढा, बांध, वाट, एवढे शब्द आणि हस्ताक्षर लावायची सवय पुरते. सवय कॉलेजात नाही लागली, तिथे छापील पुस्तक होतं. व्याकरण मात्र तिथलंच.

मराठीच्या पेपरांबद्दल स्वतंत्र लिहीन. भाषाविज्ञानावर माझा राग आहे आणि तो दोन ओळींत मावणार नाही.

कोयनाकाठ

सगळ्यांचं वाचून भाचीला तासिकामास्तरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तिचा प्रश्न, मेजर दुसऱ्या वर्षी बदलता येतो का?

तासिकामास्तर

विद्यापीठाचे नियम बघावे लागतील, आणि त्याहून जास्त कॉलेजात त्या विषयाला जागा आहे का ते. तिला सांगा, फॉर्म भरायच्या आधी ऑफिसातून टाइमटेबल मागून घे. गोदाघाटांचं झालं तेच अजून होतं, फक्त आता आदळायला विषय जास्त आहेत. आणि मायनर असा घे जो ते कॉलेज तिसऱ्या वर्षापर्यंत चालवतंय.

दुपारची ताई

मास्तर, माझंही एक विचारते. सुनेची नव्या पद्धतीची दोन वर्षं झाली, मग बाळंतपण आलं. कॉलेजवाले म्हणतात नाव काढून घ्या. परत पहिल्यापासून करावं लागेल का?

तासिकामास्तर

नाही. तिचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा असतात, जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात. तिचा आयडी काढलेला आहे का आणि चारही सत्रांचे क्रेडिट खात्यात दिसतायत का ते आधी बघा. बऱ्याचदा कॉलेजने चढवलेलेच नसतात. दोन वर्षांवर थांबून पदविकेचं प्रमाणपत्र हवं असेल तर वरून ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. ते नको असेल तर नुसतं थांबायचं आणि बाळ मोठं झालं की पाचव्या सत्राला यायचं. नाव काढायचा अर्ज लिहायच्या आधी हे लेखी विचारून घ्या, इनवर्डचा शिक्का मारून.