बारक्या पोरांना घेऊन चित्रं बघायला गेलात का कधी?

शेवंती
काल माळा आवरताना जुन्या पिशवीत एक कागद सापडला. त्यावर पतंगाच्या कागदाचे तुकडे डकवलेले, एक डोळा, मागे माझ्या अक्षरात 'सुरवंट, ॲमहर्स्ट, २०१३'. तिथेच पायरीवर बसले. खाली कुकरच्या शिट्ट्या होतायत आणि मी वर.

तेव्हा आम्ही बॉस्टनजवळ होतो. लेक साडेतीनची, धाकटा दीडचा. भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक घरात इतक्यांदा वाचून झालं होतं की पुठ्ठ्याची पानं चिकटपट्टीवर जगत होती. ते पुस्तक लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या एरिक कार्ल यांनी आणि त्यांच्या बायकोने २००२ मध्ये चित्रपुस्तकांतल्या मूळ चित्रांचं एक संग्रहालय काढलंय, तिथे गेलो. दोन तासांचा रस्ता, एक उलटी.

आत दालनात उजेड कमी. कागदावरची चित्रं उजेडाने विटतात म्हणून. लेक मोठ्याने म्हणाली, "आई, इथे पण लाईट गेले?" मराठीत होतं म्हणून वाचलो. मग तिला उचलून एका चित्रासमोर धरलं. पुस्तकात जे सपाट गुळगुळीत दिसतं ते मुळात रंगवलेल्या झिरझिरीत कागदाचे तुकडे कापून चिकटवलेलं असतं. कडा दिसतात, ब्रशचे फराटे दिसतात, कुठे कागदाला सुरकुती पडलेली दिसते. ती बराच वेळ नाक काचेला लावून बघत होती. मग म्हणाली, "त्याने पण वाकडं कापलंय."

दालनं अकरा मिनिटांत उरकली. तिथल्या चित्रशाळेत कात्री, गोंद, कागद घेऊन मात्र दीड तास. नवरा मिनिटाला किती डॉलर पडले त्याचा हिशोब करत बसला. धाकट्याने गोंद खाल्ला.

तुमचे अनुभव लिहा ना. लेक आता अकरावीत आहे, सुरवंट दाखवला तर म्हणे, "ई, हे मी केलंय?"

अर्धा_कप
आमचं भाऊ दाजी लाड, राणीबागेतलं. जुळे, वय ४. "आधी म्युझियम, मग पेंग्विन" ही माझी चूक. दीडशे वर्षांची वास्तू, ते खांब, ते छत, मी मान वर करून, आणि हे दोघं खाली फरशीवर आडवे. मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, निरनिराळ्या पगड्या घातलेल्या. त्यांच्यापाशी जरा थांबले. एकाने विचारलं, हे शू कुठे करतात. आणि मग अर्थातच त्याला लागली.
बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. सांगितलं की इंग्रज ह्याला विलायतेला नेणार होते, उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती पडला. तर पूर्ण दिवस एकच प्रश्न, "मग त्याला लागलं का?" पेंग्विनसमोर पण तेच.

गोदाकाठ
बुधवारी जाऊ नका!! म्युझियम पण बंद, राणीबाग पण बंद. आम्ही नाशिकहून पंचवटीने पहाटे उठून गेलो होतो. भेळ खाऊन परत. शाळेत बाईंनी विचारलं मुंबईत काय पाहिलंस, तर हा म्हणाला "कुलूप".

शेवंती
कुलूप 😂😂 गोदाकाठ, मेले हसून

मधली_आळी
पुण्याचं केळकर संग्रहालय लहान मुलांचं नाही, पण अडकित्ते बघायला नेलं होतं लेकीला, ५ वर्षांची. पक्ष्यांचे आकार, माणसांचे आकार, ती रमली. जिन्यात तिने विचारलं, इथला राजा कुठे राहतो? मी पटकन सांगून टाकलं की राजा म्हणजे दिनकर केळकरांचा मुलगा, लहानपणीच गेला, म्हणून त्याचं नाव दिलं. का सांगितलं देव जाणे.
पुढे प्रत्येक कपाटापुढे, "हे त्याचं होतं का?" नाही गं, हे त्याच्या बाबांनी गोळा केलंय. दिवे, फण्या, वज्री, दौती, सगळ्यांना तोच प्रश्न. रात्री झोपताना म्हणाली, "बाबांनी एवढं आणलं आणि तो खेळलाच नाही." मला काही सुचेना. उठून पाणी प्यायले.

ताक_कण्या
मधली_आळी 🙏 पोरं कुठून कुठे जातात.

अर्धा_कप
वज्री म्हणजे पाय घासायची ना? आजीकडे होती, पितळी, मोराची. भावाने भंगारात दिली. अजून राग आहे.

मधली_आळी
हो तीच. माझ्या सासूबाईंकडे आहे, मागितली तर देत नाहीत 😄

कोकणकन्या_एस५
शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचं वेगळं म्युझियम आहे, तिथे गेलो होतो. तिथे मोठ्ठी गोरखचिंच आहे. सासूबाई गुडघ्यांमुळे झाडाखाली बसल्या, आणि पोरगी दर पाच मिनिटांनी आतून धावत येऊन आजीला 'आत काय आहे' ते सांगून जायची. तिने आत काय बघितलं मला माहीत नाही, मी तिच्या मागे पळत होते. आजींना सगळं पाठ.

यमुनापार
दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांचं बाहुली संग्रहालय, १९६५ चं, बहादूरशाह जफर मार्गावर. देशोदेशीच्या बाहुल्या काचेत. माझी लेक अर्ध्यातच रडायला लागली, "सगळ्या माझ्याकडे बघतायत." घरी येऊन स्वतःच्या बाहुल्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. आठवडाभर.

ताक_कण्या
बाहुल्यांना शिक्षा, हाहा. माझ्याकडे पण एक आहे लिहायला, नळाला पाणी आलंय, नंतर येते.

बाइंडर_बाबा
शेवंती, पतंगाच्या कागदावर साधा पाण्याचा रंग दिलात तर लगदा होईल. ॲक्रिलिक घ्या, घट्ट लावा, दोरीवर वाळू द्या, मग कापा. चिकटवायला मैद्याची खळ: गार पाण्यात आधी गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. आम्ही बांधणीच्या खळीत मोरचूद घालतो, कसर लागू नये म्हणून. मुलांच्या खळीत अजिबात नको, विषारी आहे. थोडी करा, लगेच वापरा.

गोदाकाठ
धाकट्यासाठी मोरचूद नसलेली हेच बरं, गोंद खाणारा आहे 😀

शेवंती
तो आता नववीत आहे, पण भरवसा नाही.

ताक_कण्या
आले. काय लिहिणार होते तेच विसरले. टाकी भरली मात्र.

शेवंती
बाबा, खूप आभार. इथे वेगळंच चाललंय. सुरवंटाचे मधले दोन तुकडे सुटलेत, आणि 'ई' म्हणणारी आता ओट्यापाशी उभी आहे, तोंडाने काही न बोलता. मैदा संपलाय. कणकेची खळ चालेल का?

बाइंडर_बाबा
चालेल. जरा काळपट दिसेल. वस्त्रगाळ करून घ्या.