तिकिटांचा संग्रह आवरा, पण पाकिटं फाडू नका

चिमटा: परवा डोंबिवलीकरांनी लिहिलं की निवृत्तीनंतर त्यांनी चाळीस वर्षांचा तिकीटसंग्रह आवरला. बाजारात भाव नाही ते सगळं काढलं, पाकिटांवरची तिकिटं कापून पाण्यात सोडवली, पाकिटं रद्दीत दिली आणि नऊ अल्बमांचे दोन केले. वर सगळ्यांना तोच सल्ला. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

डुप्लिकेट काढा. तपकिरी ठिपके पडलेली काढा, शेजारच्या तिकिटांना लागण नको. आखातातल्या अजमान, फुजैरा, रास अल खैमा या अमिरातींची ती झगमगीत तिकिटं गेली तरी मला सोयरसुतक नाही. उलटी करून बघा, पुढे शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा. पत्रावर कधी चिकटलीच नाहीत, संग्राहकांना विकायलाच छापली. पण पाकिटं? 18 फेब्रुवारी 1911 ला अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला विमानाने साडेसहा हजारांच्या आसपास टपाल गेलं. त्यावरची तिकिटं रोजच्या वापरातलीच होती. मोल आहे ते त्या खास शिक्क्याला, पत्त्याला, अख्ख्या पाकिटाला. ते कुणी कापून बशीत भिजत घातलं असतं तर?

डोंबिवलीकर: माझ्याकडे 1911 चं पाकीट नव्हतं. विमा हप्त्याची, बँकेची, लग्नपत्रिकांची पाकिटं होती. साडेचारशे चौरस फुटांत आम्ही पाच माणसं राहतो, नातू अभ्यासाला बसतो त्या टेबलाखाली माझी खोकी. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी गेले, तेव्हा त्यांच्या मुलांनी अल्बम किलोवर दिले. त्यात 15 ऑगस्ट 1948 ची गांधींची दीड, साडेतीन आणि बारा आण्यांची तिकिटं होती, मी स्वतः पाहिलेली. माझ्यामागे तसं होऊ नये म्हणून मीच हात घातला. हे तुम्हाला चुकीचं वाटत असेल तर वाटो.

कोल्हापूरकरीण: बाजारभावाचं सोडा, माझं ऐका. मामा नैरोबीला होता. त्याची पत्रं यायची, त्यावर केनिया-युगांडा-टांगानिकाची तिकिटं. अकराव्या वर्षी मी ती सगळी कापली, पितळी परातीत कोमट पाण्यात टाकली, उपडी करून टीपकागदावर वाळवली. केवढा अभिमान होता! गेल्या वर्षी मामेबहिणीने लेस्टरहून विचारलं, बाबा नैरोबी सोडून कंपालाला नेमके कधी गेले? आत्याला तर सारखे लिहायचे. मी अल्बम काढला. तिकिटावर शिक्क्याचा पाव गोल, त्यात ‘एन ए’ एवढीच अक्षरं. साल पाकिटावर राहिलं आणि पाकीट आमच्या बंबात गेलं. तिला काय सांगू?

रत्नागिरीहून: भिजवण्यावर एवढं रडताय, पण कोऱ्या तिकिटांचं काय होतं ते कोकणात येऊन बघा. जुलैत डिंक सुटतो आणि तिकीट पानाला चिकटतं ते कायमचं. भिजवलेल्याला निदान डिंकच नसतो. आणि शिक्का, शिक्का काय करताय? माझ्या शेवटच्या दहा पाकिटांपैकी सहांवर बॉलपेनने फुली मारलीय! महात्म्याच्या तोंडावर निळी रेघ. काउंटरवर हात जोडून सांगितलं, ‘साहेब, शिक्का मारा’, तर म्हणे पॅड सुकलंय. अशी पाकिटं जपायची?

चिमटा: हो, जपायची! पेनाची फुली हीसुद्धा त्या पत्राचीच खूण आहे. आणि पावसाचं निमित्त सांगू नका. तुमचे अल्बम पीव्हीसीच्या पानांचे असतील, किंवा फोटोंचे चिकट पानांचे. तिकिटांची वाट तिथेच लागते. अल्बम उभे ठेवा, दाबून भरू नका, मध्ये ग्लासिन, म्हणजे पातळ, गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद घाला.

रत्नागिरीहून: न बघता माझ्या अल्बमांवर बोलू नका. तीस वर्षं मी ते दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पान पान उघडून वाळवतोय. तुम्ही एक पावसाळा इथे काढा, मग शिकवा.

चिमटा: ठीक. अल्बमांबद्दलचं मागे घेतो. पाकिटांबद्दलचं नाही.

कोल्हापूरकरीण: भांडा खुशाल. डोंबिवलीकर, एकच विचारते. हाताने पत्ता लिहिलेली, घरच्या माणसांची पाकिटंही गेली का?

डोंबिवलीकर: रद्दीवाला रविवारी येतो, एक पिशवी अजून दाराशीच होती. तुमचं वाचून काल रात्री उपसली. विम्याची आणि बँकेची परत पिशवीत. सात ठेवली. त्यात वडिलांचं एक आहे, 1974 च्या रेल्वे संपात भुसावळहून लिहिलेलं. तिकीट मी आधीच कापलंय, जागी चौकोनी भोक आहे. शिक्क्याचा अर्धा भाग पाकिटावर आहे, उरलेला अल्बममधल्या तिकिटावर असणार. शोधतोय. पण चिमटा, खोकी टेबलाखालून निघालीच पाहिजेत, त्यावर मी ठाम आहे.

चिमटा: सात पाकिटांना खोकं लागत नाही. तिकीट सापडलं तर चिकटवू नका, पाकिटासोबत ग्लासिनच्या पुडीत ठेवा.