मदत हवी आहे: वन पीस – ड्रेसरोझात अडकलोय, पुढे कसं जाऊ?

नमस्कार मंडळी,

वन पीस ही चाच्यांची जपानी ॲनिमे मालिका बघणारं इथे कोणी आहे का? असेल तर सल्ला हवाय. मी ड्रेसरोझा आर्कमध्ये (आर्क म्हणजे मालिकेतली एक सलग मोठी कथा), साडेसहाशेव्या भागाच्या जरा पुढे, रुतून बसलोय. डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात बघायचा माझा शिरस्ता होता, तो पार मोडला. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून, एका हातात फोन धरून बघायचं, तर त्या वीस-बावीस मिनिटांत काहीतरी घडायला हवं की नाही? आधी गाणं, मग मागच्या भागाची उजळणी, मग इथला खलनायक डोफ्लामिंगो हसतो, मग बघ्यांचे आ वासलेले चेहरे, मग डोफ्लामिंगो पुन्हा हसतो. संध्याकाळच्या मालिकेत सासू एक वाक्य बोलते आणि कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावरून तीनदा फिरतो, अगदी तसं चाललंय. पारसिकचा डोंगर लागतो तेव्हा आपला नायक लफी जिथे असतो, डोंगर मागे पडला तरी तिथेच.

प्रश्न असा, की हा रटाळपणा गोष्टीचा आहे की ॲनिमेचा? गोष्टीचाच असेल तर आर्क सोडून पुढे उडी मारतो. ॲनिमेचा असेल तर मूळ चित्रकथा, म्हणजे मांगा, वाचतो. "नेटाने बघ, पुढे मजा आहे" एवढंच कृपया सांगू नका. ते ऑफिसातल्या पोरांनी सांगून झालंय.

माझी आवड माहीत नसताना सल्ला देणं अवघड आहे, म्हणून आतापर्यंतच्या आर्कबद्दलची मतं लिहितो. पटणार नाहीत, पण चालेल.

आर्लाँग पार्क अजूनही माझ्या यादीत वर आहे. खलनायक काय करतो, तर वसुली. मोठ्या माणसामागे एक लाख बेरी (तिथलं चलन), पोरामागे पन्नास हजार, दर महिन्याला. लफीच्या टोळीतल्या नामीला लहानपणी सांभाळणाऱ्या बेलमेअरकडे स्वतःपुरतेच पैसे असतात. मुली आपल्या नाहीतच असं म्हणाली असती तर जगली असती. ती ते पैसे दोन्ही मुलींच्या नावावर भरते. मोठाल्या शक्ती, त्या देणारी जादूची फळं-बिळं काही नसताना आर्लाँगचा जितका संताप येतो तितका नंतर कित्येकांचा आला नाही. आणि नामीने वर्षानुवर्षं साठवलेला पैसा लुटायला येतो कोण, तर मरीनचा, म्हणजे सरकारी नौदलाचा, अधिकारी!

अलाबास्टात तर पाणीच चोरलंय. डान्स पावडर वापरून ढग राजधानीवरच रिकामे करायचे, बाकी गावं तीन वर्षं कोरडी ठेवायची आणि आळ राजावर. मग लोकच राजावर उठतात. खलनायक क्रोकोडाइलला स्वतःचं सैन्य फारसं लागतच नाही. यूबात वाळू उपसत बसलेला तो म्हातारा तोतो आठवतो का? रात्रभर खणून निघालेलं पाणी तो लफीला देतो. माझं आजोळ लातूरकडचं आहे, टँकरची वाट बघणारी गावं लहानपणापासून बघितली आहेत. शेवटी पाऊस पडतो तेव्हा गाडीत डोळे पुसावे लागले. शेजारच्या काकांनी "काय झालं?" म्हणून विचारलंही.

स्कायपिया सोडून द्या असं सर्रास सांगतात, ते मला मुळीच पटत नाही. खलनायक एनेलचा भाग लांबलाय, मान्य. पण नोलंड आणि काल्गाराची चारशे वर्षांपूर्वीची मैत्री, खोटारडा ठरवून नोलंडला दिलेलं मरण, आणि ती घंटा वाजल्यावर खाली समुद्रावर नोलंडच्या वंशजाला, क्रिकेटला, जे कळतं ते, यासाठी मी तो आर्क पुन्हा बघेन.

वॉटर सेव्हन आणि एनिस लॉबी हे सगळ्यांचंच आवडतं, त्यावर वेगळं काय बोलणार. फक्त एक सांगतो. मला टोळीतल्या रॉबिनच्या "जगायचंय मला"पेक्षाही उसॉप-लफीचं भांडण जास्त लागलं. मेरीचा, म्हणजे त्यांच्या जहाजाचा, कणा मोडलाय, ती दुरुस्त होणार नाही. लफी कप्तान म्हणून बरोबर आहे आणि उसॉपही चूक नाही. दोघांपैकी कुणाचीच बाजू घेता येत नाही, असं भांडण मारामारीच्या गोष्टींत क्वचितच लिहितात.

थ्रिलर बार्कचा पहिला अर्धा भाग कंटाळवाणा. मरीनफोर्ड लोक डोक्यावर घेतात, मला त्याच्या आधीचं साबाओडी जास्त थोर वाटतं. कुमा लफीच्या एकेका साथीदाराला नाहीसं करतो आणि लफी काहीही करू शकत नाही. पंक हॅझार्डवर पास.

फिशमन आयलंडमागचा विचार आवडला. होडी नावाच्या मत्स्यमानव खलनायकाचं माणसांनी काहीच वाकडं केलेलं नाही, द्वेष त्याला वारशात मिळालाय. पण लढाया बेचव.

म्हणजे माझी कसोटी साधी आहे: खलनायकाने त्या जागेच्या साध्या माणसांचं नेमकं काय हिरावलंय? ते ठसठशीत असेल तर मी गुंततो. ड्रेसरोझात मला ते अजून दिसत नाहीये. खेळणी चालतात-बोलतात, बुटकी माणसं पळतात, बार्टोलोमेओ रडतो. कुणी सांगेल का?

– पारसिकपलीकडे

भाऊचा_धक्का:
दोष बराचसा ॲनिमेचा आहे, आकडे बघा. अलाबास्टा मांगात प्रकरण 155 ते 217, म्हणजे 63 प्रकरणं. ॲनिमेत भाग 92 ते 130, म्हणजे 39. एका भागात दीड प्रकरणाहून जास्त मजकूर. ड्रेसरोझा प्रकरण 700 ते 801, एकूण 102. ॲनिमेत 629 ते 746, एकूण 118 भाग. एका भागाला पुरं एक प्रकरणही येत नाही. मग उजळणी आणि आ वासलेले चेहरे यांनीच मिनिटं भरायची.

कारण उघड आहे. मालिका काढणारी तोएई 1999 पासून कित्येक वर्षं हे आठवड्याच्या आठवड्याला चालवत होती आणि मांगाकार ओदाच्या पुढे तर जाता येत नव्हतं. पूर्वी अंतर राखायला मध्ये स्वतःच्या गोष्टी घालायचे. स्कायपियानंतरचा जी-8 आठवा, 196 ते 206. मांगात नाही, तरी झकास. पुढे ते कमी झालं आणि मूळ गोष्टच ताणायला लागले. 2024 च्या शेवटी मालिका काही महिने थांबवली तेव्हा त्यांनीच फिशमन आयलंड 21 भागांत कापून पुन्हा दाखवलं. पहिल्यांदा 50 हून जास्त भाग लागले होते. यातून काय ते समजा.

रॉबिनताई:
धक्केकर, आकडे बरोबर आहेत, पण सगळं खापर तोएईवर नको. ओदानेही यात माणसं कोंबलीत. कोलोसियममधल्या निम्म्या लढवय्यांची नावं मला आजही आठवत नाहीत. त्यांचं पुढे काम आहे म्हणून आणलेत हे नंतर कळतं, पण वाचताना दम लागतोच. मी मांगा वाचलाय, तरी हेच म्हणेन.

पारसिक, तुमची कसोटी मला फार आवडली आणि त्याच कसोटीवर सांगते: ड्रेसरोझा पास होतो. नुसता नाही, आर्लाँगच्या जवळ जातो. डोफ्लामिंगोने तिथल्या लोकांचं काय हिरावलंय ते मी सांगणार नाही, तुम्ही त्याच्या अगदी तोंडाशी आहात. त्या एका पायाच्या खेळण्यातल्या शिपायाकडे लक्ष ठेवा आणि रेबेकाच्या आसपास तो का घुटमळतो याचा विचार करा. पैसे नेले, पाणी नेलं, त्याहून वाईट काय नेता येईल?

आणि आर्क सोडून मात्र जाऊ नका. पुढे येणाऱ्या बड्या चाच्याला, कैदोला, फळं पुरवणारा कारखाना इथेच आहे, लॉ या चाच्याची लफीशी युती इथे पक्की होते. हे गाळून पुढच्या वानो आर्कला पोहोचलात तर कोण कुणावर का चिडलंय ते कळणार नाही.

दादरचा_सोगेकिंग:
स्कायपियाची बाजू घेणारा भेटला म्हणून आधी हात मिळवा!

माझ्या भाच्याला मी असं बघायला लावलं: ड्रेसरोझा पूर्ण मांगात वाचायचा आणि मोजके भाग ॲनिमेत बघायचे. 701 ते 706, लॉचं लहानपण. ते वाचून भागत नाही, आवाज आणि संगीत हवंच. (रुमाल जवळ ठेवा, शेजारचे काका परत विचारतील.) मग 726, लफीचं नवं रूप. तेवढं बघून 751 पासून पुन्हा ॲनिमे. 892 पासून वानोचं वेगळंच रूपडं आहे. 2019 मध्ये दिग्दर्शक बदलले तेव्हापासून रंग, रेषा सगळं बदललं. संथपणा तिथेही आहे, पण निदान बघायला देखणं.

चाहत्यांनी फापटपसारा कापून केलेल्या आवृत्त्याही फिरतात. अधिकृत नाहीत, म्हणून इथे दुवा देत नाही.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
अवांतर: आमचे बाबा विचारतात, चाच्यांची गोष्ट काय बघता, चोरच ना ते? काय उत्तर द्यावं?

भाऊचा_धक्का:
त्यांना सांगा, इंग्रजांच्या लेखी कान्होजी आंग्रेही चाचेच होते. 1718 मध्ये मुंबईकर इंग्रज खांदेरी घ्यायला गेले आणि हात हलवत परत आले. चाचा कुणाला म्हणायचं ते दप्तर कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. वन पीसमधलं जागतिक सरकार नेमकं हेच करतं. ओहारा बेटाचं काय केलं आठवा. तिथल्या विद्वानांचा गुन्हा काय, तर जुना इतिहास वाचत होते.

रॉबिनताई:
ओहारावर वेगळा धागा काढा, मी येते. इथे त्यांना ड्रेसरोझातून बाहेर काढूया आधी.

पारसिकपलीकडे:
सगळ्यांचे आभार. रॉबिनताई, तुम्ही त्या शिपायाचं म्हणालात आणि काल येताना मी मुद्दाम मागचे दोन भाग परत लावले. तो जे बोलतो त्यात काहीतरी काळंबेरं आहे हे आता जाणवलं. अंदाज आलाय, पण इथे लिहीत नाही. बरोबर निघाला तर क्रोकोडाइल बराच सभ्य माणूस म्हणायचा.

म्हणजे मांगा वाचायचं ठरलं. आता अडचण वेगळी: फोनवर वाचायला घेतलं तर ओदाची पानं इतकी गच्च, की एका चौकटीत वीस तोंडं. गर्दीत उभ्याने बोटांनी मोठं करून बघणं जमत नाही. छापील पुस्तक कुठलं घेऊ? पहिल्यापासून सगळे खंड घेणं घरात परवडणार नाही, पैशानेही आणि जागेनेही.

दादरचा_सोगेकिंग:
ड्रेसरोझा खंड 70 ते 80 मध्ये आहे. इंग्रजीत तीन खंड एकत्र बांधलेली जाड आवृत्ती मिळते. तिचा 24 वा भाग म्हणजे 70, 71, 72, तुम्ही आता जिथे आहात ते त्यातच येईल. मागचं थोडं परत वाचलं जाईल, पण ते बरंच. ॲनिमेत तास-तास गेले ते इथे एका बैठकीत उरकतं. फोर्टात किताबखान्यात विचारा, नसेल तर मागवून देतील का तेही विचारा. मात्र ती वीट आहे, चौथ्या सीटवर उघडलीत तर तिसऱ्या सीटवाला भांडेल.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
घरी टॅब असेल तर शोनेन जंपचं ॲप भारतात चालतं, वर्गणी भरायची आणि प्रकरण 700 पासून सुरू करायचं. टॅबवर दोन पानं शेजारीशेजारी नीट दिसतात. मी तसंच वाचतो. बाबांना आंग्र्यांचं सांगितलं, गप्प बसले. आता आर्लाँगपासून दाखव म्हणतायत.

पारसिकपलीकडे:
बाबांना आर्लाँगच दाखवा, त्याआधीचं थोडं तोंडी सांगून टाका.

शनिवारी अर्धा दिवस आहे, फोर्टात चक्कर मारतो. 24 वा मिळाला तर पुस्तक, नाहीतर टॅब. 701 ते 706 गाडीत बघणार नाही, ते घरी.

रॉबिनताई:
दुकानात 25 वा दिसला तर इथे लिहा हो, माझा कुणीतरी वाचायला नेला तो परत आलाच नाही.