मदत हवी आहे: स्टिअरिंगमागचं पिवळं कनेक्टर निघतच नाही, परवा पहाटे गाडी हवी

घाटंजीकर (सकाळी 10:40)
स्टिअरिंग काढायचं आहे. मधलं पॅड सुटलं, पण मागचं पिवळं कनेक्टर जागचं हलत नाही. पक्कडीनं ओढलं, बारीक पेचकस घातला, काही उपयोग नाही. पॅड आता वायरवर लटकून आहे. हे कनेक्टर कसं काढतात एवढंच सांगा, फोटो जोडला आहे. परवा पहाटे अमरावतीला निघायचं, रात्री परत. रात्री रस्त्यात रोही (नीलगायी) उभे असतात, हॉर्नशिवाय जमणार नाही.

वायरिंगवाला_वणी (10:52)
पक्कड आधी खाली ठेवा. बॅटरी काढली का? काढून किती वेळ झाला? फोटोत पिवळा ठिपका आणि तुमचा अंगठा दिसून राहिला, बाकी काही कळत नाही. कोणती गाडी, किती सालची, स्टिअरिंग कशासाठी काढताय? मधलं "पॅड" म्हणताय ती एअरबॅग आहे. ती वायरवर लटकत ठेवू नका, खालून हाताचा आधार द्या.

मोर्शीचे_काका (10:58)
एवढं अवघड नाही ते. पॅड दोन्ही हातांनी धरून जोरात ओढायचं, खाली 17 चा नट, तो काढला की स्टिअरिंग हातात येते. दहा मिनिटांचं काम. ओम्नीत, मारुती 800 मध्ये असंच आहे.

वायरिंगवाला_वणी (11:03)
काका, ओम्नीत हॉर्नची एक वायर असते, एअरबॅग नसते. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांत सक्तीची झाली 1 जुलै 2019 पासून. त्याआधी ती अनेक छोट्या गाड्यांत वरच्या मॉडेलमध्येच मिळायची, म्हणून बऱ्याच जणांना ओम्नीचाच हिशोब लागू वाटतो. इथे जोरात ओढायचं नाही.

घाटंजीकर (11:20)
किल्ली काढलेली आहे. बॅटरी कशाला? मी वायर कापत नाही आहे. 2015 ची हॅचबॅक, टॉप मॉडेल, घरच्या कोठ्यात उभी आहे. हॉर्न बंद आहे म्हणून स्टिअरिंग काढतोय. कनेक्टरचं सांगा ना कोणी.

पाना_नंबर_17 (11:31)
सांगतो, पण बॅटरीची निगेटिव्ह (काळी) वायर आत्ता काढा, 10 चा पाना लागेल. टोकाला कापड गुंडाळून बाजूला बांधा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून तो वीज साठवून ठेवतो. काही कंपन्यांच्या पुस्तकात 90 सेकंद थांबा लिहिलेलं असतं, काहींच्या त्याहून जास्त. 10 मिनिटं थांबलं की चिंता नाही.

तोवर तीन प्रश्नांची उत्तरं द्या. हॉर्नचा फ्यूज आणि रिले (हॉर्नला वीज सोडणारा छोटा स्विच) पाहिले का? स्टिअरिंगवरची गाण्याची बटणं चालतात का? मीटरमध्ये एअरबॅगचा लाईट लागून राहतो का?

कापूसवेचणी (11:38)
भाऊ, कायले एवढा ताप करून घेता? डॅशबोर्डवर एक पुश बटण लावा, रिलेची वायर त्याच्यातून अर्थिंगला (गाडीच्या लोखंडाला) जोडा, झाला हॉर्न चालू. वीस मिनिटाचं काम हाय. स्टिअरिंग जसं होतं तसं लावून टाका.

घाटंजीकर (11:55)
निगेटिव्ह काढली. फ्यूज चांगला आहे. रिले शेजारच्या रिलेशी बदलून पाहिला, फरक नाही. गाण्याची बटणं पण बंद. आधी डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायचा, सरळ केलं की बंद, आता कुठेच वाजत नाही. एअरबॅगचा लाल लाईट दिवाळीपासून लागूनच आहे, पण ते वेगळं काम, नंतर पाहीन.

पाना_नंबर_17 (12:04)
ते एकच काम आहे. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग या तिन्हींच्या वायर एकाच भागातून जातात, त्याला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, काही जण स्पायरल केबल म्हणतात. स्टिअरिंगच्या मागे एक चपटी प्लास्टिकची डबी असते, आत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पातळ पट्टी. स्टिअरिंग फिरलं की पट्टी उलगडते, गुंडाळते. ती कुठेतरी तुटली की आधी एका बाजूला वळवल्यावर टोकं टेकतात आणि हॉर्न वाजतो, मग पूर्ण बंद. तुमचं अगदी तसंच झालं आहे.

कापूसवेचणी भाऊ, तुमच्या बटणानं हॉर्न वाजेल, हे बरोबर. पण लाईट लागून आहे याचा अर्थ एअरबॅग आज धडकेत उघडेल याचा भरवसा नाही. रोही आडवा आला तर हॉर्नइतकीच तीही लागते.

वायरिंगवाला_वणी (12:10)
आता कनेक्टर. त्या पिवळ्या तुकड्यात मधोमध एक छोटी पट्टी असते, बहुतेक वेगळ्या रंगाची. ती दुसरं कुलूप आहे आणि ते सोडल्याशिवाय कनेक्टर कोणाच्याच्यानं निघत नाही. आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. सध्या हवा कोरडी आहे, नायलॉनचा शर्ट घालून हे काम करू नका. मग चष्म्याचे स्क्रू फिरवायचा चपटा पेचकस पट्टीच्या कडेखाली घाला आणि सरळ वर उचका, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. 2-3 मिलिमीटर वर आली की टक वाजते. पट्टी पूर्ण बाहेर येत नाही, तिथेच थांबते. मग कनेक्टरचं अंग धरून सरळ ओढा, वायर धरून नाही. तिरपं ओढाल तर कान तुटतात.

कनेक्टर निघालं की आतली छोटी पत्ती एअरबॅगच्या दोन्ही पिना आपोआप जोडते, म्हणजे चुकून वीज आली तरी ती उडू नये. म्हणून त्या पिनांना मल्टिमीटर लावायचा नाही, कधीच नाही, मीटरची वीजही तिच्यासाठी वीजच आहे. एअरबॅग नेताना कापडी-प्लास्टिकची बाजू अंगापासून बाहेर. ठेवताना तीच बाजू वर, पालथी नाही. उन्हात नको, पोरांच्या हाताला लागेल तिथे नको.

दारव्हा_रोड (12:21)
ताशी 80 ला स्टिअरिंग थरथरत असेल तर हे सगळं सोडा आणि चाकांचं बॅलन्सिंग करा. एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. दोन वेगवेगळी कामं आहेत, दुकानदार एकत्र बिल लावतात.

घाटंजीकर (12:40)
थरथर कोणी विचारली? कनेक्टर निघालं! पट्टी काळी होती, मी तिला कनेक्टरचाच भाग समजत होतो. एअरबॅग लोखंडी पेटीत तोंड वर करून ठेवली. आता नट 17 च्या गोटीनं (सॉकेटनं) ढिला केला, पण स्टिअरिंग निघत नाही. हातोडी मारू का?

मोर्शीचे_काका (12:44)
नटावर लाकडाचा तुकडा ठेवून दोन हलके ठोके. सुटते.

पाना_नंबर_17 (12:47)
ठोके नकोत. कॉलम (स्टिअरिंग ज्यावर बसतं तो दांडा आणि त्याची नळी) धडकेत आत दबावा म्हणून मुद्दाम तसा बनवलेला असतो. त्यात प्लास्टिकचे बारीक भाग असतात, ते ठोक्यानं तुटतात. गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर खालचा सेन्सरही बिघडतो. काका, जुन्या कॉलममध्ये तुमची पद्धत चालून जायची, याच्यात नाही.

नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे अडकलेला ठेवा. स्टिअरिंगवर 9 आणि 3 च्या जागी हात धरा आणि एकदा डावा हात, एकदा उजवा हात असं आळीपाळीनं आपल्याकडे ओढत हलवा. गंज धरला असेल तर दांड्याच्या दात्यांवर थोडं तेल सोडून अर्धा तास थांबा. सुटेल तेव्हा एकदम सुटते, नट नसेल तर सरळ तोंडावर येते. तरीही नाही निघालं तर दोन बोल्टचा पुलर लावा, ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये मिळतो.

आणि दांड्यावर, स्टिअरिंगवर एकाच रेषेत मार्करची खूण केली का? चाकं सरळ आहेत का?

घाटंजीकर (13:02)
खूण नाही केली. चाकं डावीकडे वळलेली आहेत, कोठ्यात तशीच शिरवली होती.

पाना_नंबर_17 (13:09)
मग थांबा. नट पुन्हा हातानं घट्ट करा. किल्ली घालून लॉक सोडा (बॅटरी निघालेली आहे, एअरबॅग बाहेर आहे, काही होत नाही), चाकं सरळ करा, मग खूण करा, मग काढा. बॅटरीशिवाय स्टिअरिंग जड जाईल, जमत नसेल तर पुढची चाकं जॅकवर घ्या.

वरोरा_हायवे (13:15)
उंदीर तपासा. कोठ्यात गाडी, कापूस-तूर शेजारी, वायर त्यांनीच कुरतडली असेल. डांबराच्या गोळ्या ठेवा.

कापूसवेचणी (13:19)
गोळ्यानं काई होत नाई राजेहो. बोनेट रातभर उघडं ठेवा, उजेड राहू द्या, उंदीर येत नाई.

वायरिंगवाला_वणी (13:26)
उंदरांसाठी वेगळा धागा काढा. वळवलं की वाजायचा, सरळ केलं की बंद, हे क्लॉक स्प्रिंगची पट्टी तुटल्याचं लक्षण आहे.

घाटंजीकर, आता महत्त्वाचं. स्टिअरिंग निघालं की क्लॉक स्प्रिंग दिसेल. नवीन घ्या, भंगारातली नको, तिची पट्टी किती झिजली ते बाहेरून कळत नाही. नेताना जुनी सोबत न्या आणि पिना मोजा, बटणं असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलची वेगळी येते. नवीन डबीला मध्यावर धरणारी पिन किंवा स्टिकर असतो, तो बसवून होईपर्यंत काढायचा नाही. चुकून फिरली तर: घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं हलक्या हातानं अडेपर्यंत फिरवा, मग उलट फेरे मोजत दुसऱ्या टोकापर्यंत न्या, आणि निम्मे फेरे परत या. साधारण पाच फेरे भरतात, म्हणजे अडीच परत. शेवटी डबीवरचे बाण जुळतात. मध्य चुकला तर पहिल्या पूर्ण वळणातच नवीन पट्टी तुटते.

आर्णीचा_स्कॅनर (13:40)
लाईट घालवायला 2 ओमचा रेझिस्टर एअरबॅगच्या जागी लावा, लाईट विझतो.

पाना_नंबर_17 (13:43)
हे कोणीही करू नका. युनिटला वाटते एअरबॅग आहे आणि धडकेत समोर रिकामी प्लास्टिकची वाटी असते. गाडी पुढे विकली तर घेणाऱ्याला कळणारही नाही.

घाटंजीकर (दुसऱ्या दिवशी, 18:10)
क्लॉक स्प्रिंग यवतमाळला मिळाली. जुनी उघडून पाहिली, पट्टी मधोमध दुमडून तांब्याच्या सगळ्या रेषा तुटल्या आहेत. नवी बसवली, खुणा जुळवल्या, नट किती घट्ट करू? बॅटरी अजून जोडली नाही.

पाना_नंबर_17 (18:22)
बहुतेक छोट्या गाड्यांत 30 ते 50 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्या. टॉर्क पाना गावातल्या टायरवाल्याकडे असतो. नट आवळताना स्टिअरिंग हातानं धरा, स्टिअरिंग लॉकवर जोर देऊ नका. मग हॉर्न-बटणांचं कनेक्टर, मग एअरबॅगचं पिवळं. ते आत गेल्यावर काळी पट्टी दाबा, टक वाजलीच पाहिजे. बॅटरी सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा किल्ली फिरवताना दारातून हात घालून फिरवा, डोकं स्टिअरिंगसमोर नको.

घाटंजीकर (19:05)
हॉर्न वाजला, बटणं चालू, स्टिअरिंग सरळ. एअरबॅगचा लाईट मात्र लागूनच आहे.

वायरिंगवाला_वणी (19:11)
एअरबॅगच्या युनिटमध्ये दोषाचा जुना कोड साठलेला असेल. काही गाड्यांत दोष गेला की लाईट आपोआप विझतो, काहींत स्कॅनरनं पुसावा लागतो. साधा इंजिनचा स्कॅनर चालत नाही, एअरबॅगचं युनिट वाचणारा हवा. आधी कोड वाचायला सांगा, मगच पुसायला. पुसल्यावर किल्ली फिरवली की लाईट काही सेकंद लागून विझला पाहिजे. पुन्हा लागला तर पिवळ्या कनेक्टरची काळी पट्टी पूर्ण बसली नसेल, आधी तिथेच पाहा, पण निगेटिव्ह काढून आणि 10 मिनिटं थांबून.

घाटंजीकर (19:14)
सकाळी निघण्याआधी यवतमाळला दाखवतो. कनेक्टरची काळी पट्टी एकदा दाबून पाहतो, बॅटरी काढून.