मदत हवी आहे: यीस्ट म्हातारपणाने मरतंय की आंबून?

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये अडकलेय. बेकरीवालं यीस्ट, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, सिंथेटिक माध्यमात दोन फ्लास्कमध्ये लावलंय. एकात ग्लुकोज २ टक्के, दुसऱ्यात ०.५. शेकरवर, ३० अंशांना. दर दोन दिवसांनी थोडं काढायचं, पातळ करून प्लेटवर पसरायचं, कॉलन्या मोजायच्या; एक कॉलनी म्हणजे वाढू शकणारी एक जिवंत पेशी.

अकराव्या दिवशी २ टक्केवाल्या प्लेटवर सतरा कॉलन्या. ०.५ची प्लेट मोजता मोजता डोळे दुखले. ‘उपासाने आयुष्य वाढतं’ म्हणून सर खूश. पण २ टक्क्यांचा फ्लास्क उघडला की आंबूस वास येतो, पीएचची पट्टी तीनकडे झुकते. मग मी वय मोजतेय की आम्ल?

त्यात मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याचा घोळ. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंग घालवतात. स्लाइडवर निम्म्या बिनरंगी, प्लेटवर मात्र दहावा हिस्साही उगवत नाही. खरं कोणाचं?

(आईपेशी किती कळ्या देते ते मोजायची १९५९ची पद्धत माहीत आहे. साधारण पंचवीस कळ्या होईपर्यंत कळीतून झालेली एकेक लेकपेशी सुईने बाजूला करत बसायची सोय आमच्याकडे नाही. सबमिशनला तीन आठवडे उरलेत.)

प्रतिसाद १:
नाकावर विश्वास ठेवा. भरपूर ग्लुकोज मिळालं की यीस्ट हवा असूनही इथेनॉल करतं. साखर संपली की तेच खातं आणि ॲसेटिक आम्ल बाहेर सोडतं. साखर कमी, तर आम्लही कमी.

आणखी दोन फ्लास्क लावा, दोन्ही २ टक्क्यांचे. एकातल्या पेशी तिसऱ्या दिवशी धुऊन निर्जंतुक पाण्यात सोडा. दुसऱ्यात सुरुवातीपासून बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) घालून पीएच ६ ठेवा. दोन्हीकडे पेशी तगल्या तर आम्लाचा हात आहे.

पण तेवढ्यावर ‘वयाचा संबंध नाही’ असं लिहू नका. अर्धपोटी पेशी ताणही जास्त सोसते. ट्रेहलोज ही साखर साठवते, एमएसएन२ आणि एमएसएन४ ही प्रथिनं ताणाची जनुकं चालू करतात. २ आणि ०.५ टक्के अशा दोन्ही फ्लास्कच्या धुतलेल्या पेशी सारख्याच ॲसेटिक आम्लात, पीएच ३ला, दोन-तीन तास ठेवून प्लेट करा. फरक तिथेही दिसेल.

मेथिलीन ब्लूला कळते ती फक्त धुगधुगी. पेशी पुन्हा कळी देईल का, ते प्लेटच सांगते. आयुष्याचा आलेख कॉलन्यांवरूनच काढा.

धागाकर्ती:
पाण्याचा फ्लास्क आजच लावला. बफर सिट्रेट-फॉस्फेटचा चालेल ना?

प्रतिसाद १:
चालेल. पीएच मात्र पट्टीवर नको, मीटरवर बघा.